एकवीस अंकांचा ताळा

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मेर्सेन नावाचे एक विद्वान धर्मगुरू होऊन गेले. दोनाला दोनाने पुनःपुन्हा गुणून आलेल्या गुणाकारातून एक वजा केला असता मूळ संख्या केव्हा मिळते, याची यादी त्यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. एक आणि ती स्वतः यांवाचून जिला कशानेही निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, हे वाचकांस शाळेपासून ठाऊक आहेच. सदुसष्ट दोनांच्या गुणाकारातून एक वजा करून येणारी संख्याही त्या यादीत होती. ती अशी :

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

ही एकवीस अंकी संख्या मूळ आहे, हे विधान दोनशेहून अधिक वर्षे टिकून राहिले. १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे दाखविले. परंतु तिचे अवयव कोणते, हे त्याच्या रीतीतून कळत नव्हते. घरात चोरी झाल्याचे कळावे, पण चोर सापडू नये, तशीच ही अवस्था!

या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवास १३४ ने भागल्यास बाकी १ उरते, असा नियम आहे. तेव्हा १३५, २६९, ४०३ अशा क्रमाने शोधीत जावे. पण धाकटा अवयव या क्रमात १४,४५,५८० वा आहे! अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी याहून बारीक चाळण्या लावून, हातानेच आकडेमोड करून, तो हुडकून काढला. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कच्या गणित-सभेत त्यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर पुढील गुणाकार करून दाखविला, अशी आख्यायिका आहे :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

या कामी तीन वर्षांतील रविवार खर्ची पडले, असे त्यांनी पुढे सांगितल्याचे म्हणतात.

आपल्याकडील नवांचा ताळा येथे लावून पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, तिची १०, शेवटी १. दुसऱ्याची ६४, तिचाही १. मूळच्या मोठ्या संख्येची १०९, तिचाही १. एके एक एक, ताळा जमला. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असे मात्र म्हणता येत नाही. न जमल्यास ते खचित चुकलेले असते. पुरती खात्री हवी तर कागद घेऊन गुणाकार करावा. घटकाभराचे काम आहे.

गुणणे सोपे आणि फोडणे दुर्घट, याच भेदावर १९७७ साली गुप्तलेखनाची एक रीत बसविण्यात आली. त्यासाठी शेकडो अंकी संख्या योजतात, कारण आमची ही एकवीस अंकी संख्या आजचा संगणक क्षणात फोडतो.

आम्हां शिक्षकांस यातील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. मुलाच्या वहीवर तांबड्या शाईने ‘चूक’ असा शेरा मारण्यास क्षण पुरतो. चूक नेमकी कोठे झाली हे दाखविण्यास बैठक लागते. मूल गणितात कच्चे आहे असे ठरविण्यापूर्वी पालकांनी एखादा रविवार त्याच्या वहीजवळ बसून काढावा, एवढीच विनंती.