विश्लेषण : सरावाचा बाण एक, शिकारीचा दुसरा… नेम का चुकतो?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. परवानाधारक शिकारी त्याआधी उन्हाळाभर घरामागच्या अंगणात फोमच्या लक्ष्यावर सराव करतात. तेथे चाळीस यार्डांवरून, म्हणजे सुमारे ३७ मीटरवरून, बाणाशेजारी बाण रुततो. जंगलात मात्र त्याच शिकाऱ्याचा नेम चार बोटे चुकतो. खापर थरथरत्या हातांवर फुटते. पण पुष्कळदा दोष भात्यात असतो. सरावाचा बाण वेगळा आणि शिकारीचा वेगळा असेल, तर उन्हाळाभर केलेली मेहनत दुसऱ्याच बाणासाठी झालेली असते.

दोन बाणांत फरक कोणता?

सरावाच्या बाणाला ‘फील्ड पॉइंट’ हे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते टोक असते. ते लक्ष्यातून सहज उपसता येते. शिकारीच्या बाणाला ‘ब्रॉडहेड’ लावतात. त्याला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात. दोन्हींचे वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. १०० आणि १२५ ग्रेनची टोके सर्वाधिक प्रचलित आहेत. फरक टोकापुरताच असतो असेही नाही. शिकारीच्या बाणाला अनेक जण मागच्या बाजूला चमकणारा दिव्याचा नॉक बसवतात. तो साध्या नॉकपेक्षा जड असतो. सरावाचे बाण मात्र जुनेच, पिसे झिजलेले असतात.

वजन जुळवले की पुरते का?

पुरत नाही, पण सुरुवात तेथूनच करावी लागते. ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २८० फूट वेगाने सुटतो असे धरू. त्याच्या टोकाचे वजन १०० वरून १२५ ग्रेन केले, तर वेग २७२ फुटांच्या आसपास येतो. चाळीस यार्डांवर तो बाण सुमारे दोन इंच खाली लागेल. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ ते दहा इंच व्यासाचा असतो, म्हणजे मध्यापासून चार-पाच इंचांचीच मुभा. त्यातले दोन इंच घरूनच गमावून निघायचे आणि उरलेल्यात वारा, चढ-उतार, अंतराचा चुकलेला अंदाज आणि धडधडणारी छाती हे सगळे बसवायचे.

वजन सारखे असूनही बाण का भरकटतो?

कारण ब्रॉडहेडची पाती पंखांसारखे काम करतात. मागची पिसे बाणाला सरळ ठेवतात, तर पुढची पाती त्याला वळवू पाहतात. बाण धनुष्यातून किंचित तिरका सुटला तरी फील्ड पॉइंट ते खपवून घेतो. ब्रॉडहेड ती चूक वाढवून दाखवतो. पात्यांवरचे हवेचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५० मीटर वेगाने बाण सोडणाऱ्या साध्या धनुष्याच्या तुलनेत ८५ मीटर वेगाच्या कंपाउंड धनुष्यात ते जवळपास तिप्पट होते.

दुसरे कारण बाणाच्या दांडीचा ताठपणा, म्हणजे ‘स्पाइन’. सुटताना दांडी वाकते आणि सावरते. टोक जड केले की ती अधिक वाकते, म्हणजे तीच दांडी नरम असल्यासारखी वागते. त्यामुळे टोक बदलल्यावर बाण नुसता खालीच नव्हे, बाजूलाही जाऊ शकतो.

साइट हलवून प्रश्न सुटतो का?

सोपा वाटणारा हा उपाय चूक झाकतो. ब्रॉडहेड डावीकडे लागतात म्हणून साइट सरकवली, तर फील्ड पॉइंटचा सराव निरुपयोगी होतो आणि बाण तिरका सुटतच राहतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी प्रत्येक बाण वजनकाट्यावर ठेवावा. टोक बसवून बाण फिरवून पाहावा; टोक डुगडुगले तर तो बाजूला काढावा. मग एकाच अंतरावरून दोन्ही प्रकारचे बाण सोडावेत. ते वेगवेगळ्या ठिकाणी लागले, तर बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट अगदी थोडा सरकवून दोन्ही गट एकत्र आणावेत. साइटला हात त्यानंतरच लावावा.

स्पर्धेत हा प्रश्न का येत नाही?

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके जिंकली, ती कंपाउंड धनुष्यावरच. तेथे एका फेरीतले बाण एकसारखे असावेत असा नियम आहे आणि टोकाला पाती नसतात. खेळाडू ज्या बाणाने सराव करतो, त्याच बाणाने पदकासाठी नेम धरतो. शिकाऱ्यावर अशी सक्ती नसते, ती त्याने स्वतःवर घालून घ्यायची असते.

उघडणाऱ्या पात्यांचा पर्याय कसा?

उडताना मिटलेली आणि आदळल्यावर उघडणारी पाती बाजारात आहेत. ती फील्ड पॉइंटच्या जवळपास उडतात, हे खरे. पण उघडताना त्यांची काही ऊर्जा खर्च होते आणि ‘जवळपास’ हा शब्द चाळीस यार्डांवर तपासूनच घ्यावा लागतो. ब्रॉडहेडने लक्ष्य लवकर फाटते, पाती बोथट होतात आणि खर्च वाढतो, ही तक्रारही खोटी नाही. म्हणून रोजचा सराव फील्ड पॉइंटने करावा, मात्र हंगामाआधीचे शेवटचे काही आठवडे ब्रॉडहेडने. त्यासाठी एक-दोन ब्रॉडहेड वेगळे ठेवावेत आणि शिकारीला नवी पाती बसवावीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी?

बाण बंदुकीच्या गोळीसारखा आघाताने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. फुप्फुसात लागला तर हरीण थोड्याच वेळात कोसळते. तीन-चार इंच मागे, पोटात लागला तर ते तासन् तास तडफडते, झाडीत शिरते आणि अनेकदा सापडतही नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत ती कायदेशीर आहे. शिकार असावी की नसावी हा वाद वेगळा. पण जेथे परवानगी आहे, तेथे प्राण्याला कमीत कमी यातना व्हाव्यात ही किमान अट ठरते. ती पाळण्याचे काम हंगामाच्या पहाटे नव्हे, त्याआधी वजनकाट्यावर आणि फोमच्या लक्ष्यासमोर करायचे असते. ज्याने आपला शिकारीचा बाण एकदाही सोडून पाहिलेला नाही, त्याने तो प्राण्यावर सोडू नये.