बँकॉकचा नकार, गावाकडचे दूध

४ नोव्हेंबर २०१९. बँकॉकमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘आरसेप’ या १६ देशांच्या व्यापार करारात भारत सामील होणार नाही, असे सांगितले. २०१२ पासून वाटाघाटी चालल्या होत्या आणि बाकीचे १५ देश तयार होते. अशा बैठकीतून उठून यायला धैर्य लागते. गांधीजींची कसोटी आणि आपला सदसद्विवेक होकार देऊ देत नाही, असे कारण त्यांनी दिले. सर्वांत गरीब माणसाचा चेहरा आठवा, हीच ती कसोटी. आज त्या नकाराच्या स्मरणदिनी तो चेहरा पुन्हा पाहायला हवा.

आमच्याकडे तो पहाटे दूध संकलन केंद्रावर दिसतो. कॅनमधून नमुना काढतात, मशीनवर आकडे उमटतात, चिठ्ठी हातात पडते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅटशिवायचे घन घटक) भरली तर पूर्ण दर; पॉइंट घसरला की पैसे कापले. महाराष्ट्रात गायीच्या जादा दुधाची भुकटी होते, म्हणून भुकटीचा बाजार पडला की या चिठ्ठीवरचा दर पडतो. आरसेपमधला न्यूझीलंड आपले बहुतेक दूध निर्यातच करतो. भुकटीवरचे ६० टक्के आयातशुल्क गेले असते, तर दोन-तीन गायींच्या गोठ्याने तग कसा धरला असता? तो नकार योग्यच होता, असे आम्ही आजही मानतो.

पण पुढे काय केले? याच करारातल्या चीनशी असलेली व्यापारतूट २०१८-१९ मध्ये सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांच्या घरात गेली. करारात न जाताही माल आलाच. आणि परदेशी भुकटी न येताही २०२३ च्या अखेरीस राज्यात गायीच्या दुधाचा भाव पंचवीस-सत्तावीस रुपयांवर आला. सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावे लागले. तेही गायीच्या कानात बिल्ला आणि नोंदणी असेल तरच.

२०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारातून दुग्धपदार्थ वगळले, हे चांगले झाले. पुढच्या प्रत्येक करारात ते वगळलेच पाहिजेत. त्याबरोबर दुधाचा दर उत्पादन खर्चाशी बांधा आणि फॅट मशीनची तपासणी उत्पादकासमोर करा. दहा दिवसांचे बिल येते, त्यातून सरकी पेंडीची उधारी कापली जाते. उरलेले पैसे मोजणारी बाई अजून त्या निर्णयाचे फळ मागते आहे.