डिंक, कवळी आणि तोंडातील जखम

डिंक म्हटला की हिवाळ्यातील लाडू आठवतात. गोंदिया हे नावही 'गोंद' म्हणजे डिंक या शब्दावरून पडले, असे सांगितले जाते. कवळी वापरणाऱ्या वृद्धांच्या तोंडातही डिंक असू शकतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मध्य भारताच्या कोरड्या जंगलांत कांडोळाचे झाड आढळते. त्याचा डिंक व्यापारात 'कराया' म्हणून ओळखला जातो. तो पाणी शोषून कित्येक पट फुगतो आणि चिकट होतो. असे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. या गुणामुळेच कवळी घट्ट बसवण्याच्या काही भुकट्यांत कराया असतो. कवळीचे माप घेताना दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट समुद्री शेवाळापासून मिळते, तेही हायड्रोजेलच.

तोंडातील जखमेवर लावलेले औषध लाळेबरोबर लवकर वाहून जाते. जेल मात्र ओल्या अस्तराला चिकटते, जखमेवर आवरण धरते आणि औषध हळूहळू सोडते. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसन, हळदीतील कर्क्युमिन अशा नैसर्गिक घटकांपासून 'जैवसक्रिय' जेल घडवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. नुसते चिकटून न राहता जंतूंना अटकाव करणे आणि जखम भरण्यास साहाय्य करणे, हा त्यांचा हेतू. यातील बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि लहान चाचण्यांतच आहे.

म्हणून बाजारातील डिंक भिजवून घरच्या घरी जखमेवर लावू नये. तो औषधाइतका शुद्ध नसतो. शिवाय गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या श्वासमार्गात असा फुगणारा पदार्थ अडकू शकतो.

कवळीची भुकटी वा मलमही बेतानेच वापरावे. जस्तयुक्त मलमाच्या दीर्घकाळ अतिवापराने मज्जातंतूंना इजा झाल्याची उदाहरणे आहेत. वयानुसार हिरड्यांखालचे हाड झिजते व कवळी सैल होऊन घासू लागते. अशा वेळी भुकटी वाढवू नये. दंतवैद्याकडून कवळी नीट करून घ्यावी. रात्री ती काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी.

आपल्या भागात खर्ऱ्याचे व्यसन फार आहे. त्यामुळे तोंडातील जखम, गाठ, लाल वा पांढरा चट्टा 2 आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर जेल लावत दिवस काढू नयेत. जेलने वेदना शमली तरी खालचा कर्करोग वाढतच राहू शकतो. दुखत नसलेला चट्टाही दाखवलाच पाहिजे. शुश्रूषा करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कवळी काढून, चांगल्या उजेडात आजी-आजोबांच्या गालाची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेच्या दोन्ही कडा पाहाव्यात. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात.