माता सेनापती नव्हे

युद्धाची वार्ता आली की आमच्या समाजात दोन गोष्टी हटकून घडतात. देवळांतून स्वपक्षाच्या विजयासाठी अभिषेक आणि हवने सुरू होतात. आणि शेजारच्या इगर्जीत सायंकाळी सायबिणीपुढे शांतीसाठी तेर्स म्हटला जात असेल, तर त्याकडे पाहून आमच्यातील काही शहाणी माणसे उपहासाने हसतात. हसणाऱ्यांचे पक्ष दोन आहेत. पहिला म्हणतो, मणी ओढून युद्धे थांबत नाहीत. हा दुबळ्यांचा विरंगुळा आहे. दुसरा म्हणतो, ही माता या भूमीवर तोफांच्या सोबतीने उतरली; तिच्या भक्तांनी शांतीची भाषा बोलणे हे ढोंग आहे. दोन्ही आक्षेपांत सत्याचा काही अंश आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहेत. त्यांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण या वादाच्या मुळाशी प्रश्न आहे तो इगर्जीचा नव्हे, तर युद्धकाळात देवतेपुढे उभे राहून नेमके काय मागावे याचा, आणि तो आमचाही आहे.

दुसरा आक्षेप आधी घेऊ, कारण त्याची वेदना खरी आहे. जुन्या गोव्यातील रोझरीच्या मातेचे चर्च ज्या टेकडीवर उभे आहे, तेथूनच 1510 मध्ये आल्बुकर्कने आपल्या सैन्याची लढाई पाहिली असे सांगतात. त्या विजयाचे स्मारक म्हणूनच ते सोळाव्या शतकात बांधले गेले. त्याच शतकात केळशीची शांतादुर्गा आणि कुशस्थळीचा मंगेश यांना आपापली स्थाने सोडून फोंडा महालात यावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी रातोरात देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली, त्यांना विजयमातेचे नाव ऐकून प्रेम वाटावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

आणि हे केवळ गोव्यातच घडले असेही नाही. 7 ऑक्टोबर 1571 रोजी ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांतो येथे स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्या संयुक्त आरमाराने तुर्कांचे आरमार बुडविले. त्या मोहिमेसाठी पोप पाचवे पायस यांनी जपमाळेची प्रार्थना करविली होती. विजयाचे श्रेय त्यांनी मातेला दिले आणि तिच्या विजयाचा सण त्या दिवसास जोडला. पुढे 1573 मध्ये तेराव्या ग्रेगरींनी त्यालाच जपमाळेच्या सणाचे रूप दिले. एका दिवसात हजारो माणसे पाण्यात आणि आगीत मेली, आणि त्या दिवसाचा उत्सव एका आईच्या नावे झाला! ज्या 1573 मध्ये हा सण ठरला, त्याच वर्षी व्हेनिसने तुर्कांशी वेगळा तह करून सायप्रस बेट सोडून दिले. मातेच्या नावावर मिळविलेला विजय राजकारणाच्या बाजारात दोन वर्षेही टिकला नाही.

येथपर्यंत आक्षेपकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु आता त्यांनी दृष्टी घराकडे वळवावी. 1739 च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि विजयानंतर तिचे देऊळ बांधविले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. वसई भागातील चर्चच्या घंटा आमच्या देवळांत गेल्या, हेही तितक्याच अभिमानाने सांगतो. वाईजवळच्या मेणवली घाटावर टांगलेली मोठी घंटा त्यांतलीच एक म्हणतात. तिच्यावर बालकाला घेतलेल्या माता मेरीची आकृती आहे. महाभारताच्या प्रचलित पाठात रणारंभी अर्जुन दुर्गेचे स्तवन करतो, तेही श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून. आम्ही आल्बुकर्क आणि चिमाजी आप्पा यांना एका मापाने मोजत नाही. एक परक्याची भूमी घेण्यास आला होता, दुसरा जुलमाखाली पिचलेल्या प्रजेच्या हाकेला धावला होता. कृत्यांचा न्याय निराळा आहे. परंतु देवीपुढे केलेल्या मागणीचा आकार दोन्हीकडे एकच होता: माते, मला जय दे. तेव्हा जो दोष आम्ही सायबिणीच्या भक्तांच्या पदरी घालतो, तो कोणत्या एका धर्माचा नसून मनुष्याचा आहे. भय वाटले की तो आईच्या कुशीत शिरतो, आणि भय सरले की तिच्याच हाती तलवार देतो.

मग युद्धकाळातील प्रार्थना पारखावी कशी? आमच्या मते कसोटी एकच आहे: जी प्रार्थना आपण करतो, ती शत्रूच्या आईला शब्दही न बदलता करता येईल काय? येत असेल तर ती प्रार्थना. येत नसेल तर ती देवतेकडे पाठविलेली लष्करी मागणी होय.

ही कसोटी आम्ही परक्यांकडून उसनी आणलेली नाही. ती गांधारीची आहे. अठरा दिवस दुर्योधन रोज आईकडे विजयाचा आशीर्वाद मागत होता. तो तिच्या पोटचा ज्येष्ठ पुत्र होता, त्याचा पराभव म्हणजे शंभर पुत्रांचा वध हे ती जाणून होती. तरीही तुझा जय होवो असे ती एकदाही म्हणाली नाही. जय धर्माच्या बाजूस जाईल, इतकेच ती सांगत राहिली. आणि युद्ध संपल्यावर रणभूमीवर तिने विलाप केला तो केवळ आपल्या पुत्रांसाठी नव्हे. शत्रुपक्षाच्या अभिमन्यूसाठी आणि उत्तरेसाठीही केला. आई म्हणजे काय, याची याहून कठोर व्याख्या आमच्या वाङ्मयात आम्हांस दुसरी आढळत नाही.

आता याच कसोटीवर तेर्स लावून पाहावा. दहा-दहा मण्यांच्या पाच भागांत मातेला जी विनवणी पुनःपुन्हा केली जाते, तिचा आशय काय आहे? आम्हां पापी जनांसाठी आता आणि आमच्या मरणसमयी प्रार्थना कर, एवढाच. तीत शत्रूचा उल्लेख नाही, राज्याचा नाही, विजयाचा नाही. जो मनुष्य एका बैठकीत पन्नास वेळा स्वतःला पापी म्हणवतो, त्याला एकावन्नाव्या वेळी शेजाऱ्याला राक्षस ठरविणे जड जावे. लेपांतोच्या विजयोत्सवाने या प्रार्थनेवर जे चढविले, ते तिच्या शब्दांत कधीच नव्हते.

हे शब्द आपल्या खऱ्या अर्थाने युद्धासमोर उभे राहिले ते पहिल्या महायुद्धात. एका बाजूस फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीचे, तर दुसऱ्या बाजूस बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाचे कॅथलिक सैनिक, खिशांत तीच जपमाळ घेऊन, एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांना यांपैकी कोणाच्या विजयासाठी प्रार्थना करणे शक्य होते? 5 मे 1917 रोजी त्यांनी मातेच्या नामावळीत शांतीची राणी हे नाव घालण्याचा आदेश दिला. आठच दिवसांनी, 13 मे रोजी, पोर्तुगालमधील फातिमा येथे तीन गुराखी मुलांनी मातेचे दर्शन झाल्याचे सांगितले; युद्ध संपावे म्हणून रोज जपमाळ म्हणा, हा त्यांनी सांगितलेला निरोप होता. पोर्तुगाल स्वतः त्या युद्धात उतरलेला असताना त्या मुलांच्या तोंडी पोर्तुगालचा जय नव्हता, युद्धाचा शेवट होता. दर्शनाच्या सत्यासत्यतेचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. मागणी काय होती, ते आम्ही पाहतो.

या निःपक्षपाताची किंमतही द्यावी लागली. बेनेडिक्टांनी 1 ऑगस्ट 1917 रोजी युद्धमान राष्ट्रांना तहाची सूचना धाडली, तेव्हा ती कोणीच मनावर घेतली नाही. फ्रान्समध्ये त्यांना जर्मनांचा पोप म्हणत आणि जर्मनीत फ्रेंचांचा. दोन्ही बाजूंनी परका ठरणे, हीच कदाचित खऱ्या शांतिप्रार्थनेची खूण असावी. आणि ज्यांना ती प्रार्थना दुबळी वाटते त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की याच पोपच्या खटपटीने आजारी युद्धकैद्यांना उपचारासाठी स्वित्झर्लंडमध्ये नेण्यात आले आणि हरवलेल्या सैनिकांचा शोध घेण्याचे काम चालले. येथे जप करणारे हात रिकामे बसलेले नव्हते.

याउलट, शांतीच्या मातेलाही पुन्हा सैन्यात भरती करणारे निघालेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फातिमाच्या भक्तांनी साम्यवादाविरुद्ध जो संघ उभारला, त्याला निळी सेना असे नाव दिले. प्रार्थना तीच, परंतु नाव सेनेचे! नावे निरुपद्रवी नसतात. ज्या भक्तीला सेना म्हटले जाते, तिला शत्रू शोधावाच लागतो.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू: अशा प्रार्थनेने साधते काय? याचे उत्तर गोड करून सांगण्याची आमची इच्छा नाही. जपानमधील नागासाकीजवळच्या उराकामी खेड्यातील ख्रिस्ती लोकांनी दोनशेहून अधिक वर्षे छळ सोसून आपला धर्म लपवून जपला. माता मेरीची मूर्ती उघडपणे ठेवता येईना, म्हणून त्यांच्यातील कित्येकांनी तिला बौद्ध देवता कान्नोनच्या रूपात पुजले. 1865 मध्ये फ्रेंच पाद्र्याची भेट झाली तेव्हा त्यांनी विचारले ते मातेची मूर्ती कोठे आहे, हेच. देव लपवून नेणाऱ्यांच्या वंशजांना ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही. 9 ऑगस्ट 1945 रोजी याच उराकामीवर अणुबाँब पडला. 15 ऑगस्टच्या मातेच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळी चर्चमध्ये पापनिवेदन चालू होते. आत असलेले सर्वजण मेले. त्या धर्मग्रामातील सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे नष्ट झाली. अवशेषांत मातेच्या लाकडी मूर्तीचे केवळ शिर उरले, डोळ्यांच्या जागी जळालेल्या खाचा असलेले.

आणि बाँब टाकणारे विमान ज्या तिनियन बेटावरून उडाले, तेथे त्या पथकासाठी एक कॅथलिक पाद्री नेमलेला होता. जॉर्ज झाबेल्का हे त्यांचे नाव. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी जाहीरपणे सांगितले की तेव्हा आपण गप्प राहिलो, ते पाप होते.

तर तेर्स हे चिलखत नव्हे, हे उराकामीने सिद्ध केले. परंतु प्रार्थना चिलखत असावी ही अपेक्षा उपहास करणाऱ्यांची आहे, प्रार्थनेची नव्हे. तिने केले ते इतकेच की उरलेल्या माणसांना सूडाची भाषा शिकविली नाही. ते जळके शिर पुन्हा बांधलेल्या चर्चमध्ये शांतीचे चिन्ह म्हणून ठेवलेले आहे. मृतांच्या राशीवरून उठून सूड न मागणे याला जो दुबळेपणा म्हणतो, त्याने सामर्थ्य कशाला म्हणावे?

अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये मॉस्कोचे धर्मगुरू किरिल यांनी रशियाच्या राष्ट्रीय रक्षकदलाच्या प्रमुखास मातेची प्रतिमा अर्पण केली, आणि तिच्याने विजय लवकर येईल अशी आशा त्या प्रमुखाने बोलून दाखविली. हा ऑर्थोडॉक्स पंथ. पण माता तीच. त्याच महिन्याच्या 25 तारखेस पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे सर्व मानवजात, आणि विशेषतः रशिया व युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे, मातेच्या हृदयास समर्पित केली. एकाच महिन्यात एकीकडे माता सेनापती झाली, दुसरीकडे आई राहिली.

युद्ध त्यानंतरही चालूच राहिले. त्याची आम्ही लपवालपवी करीत नाही. येथे एक गंभीर आक्षेप मात्र आहे, आणि तो युक्रेनी लोकांनीच घेतला. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला रोममध्ये एका युक्रेनी आणि एका रशियन स्त्रीने मिळून क्रूस धरावा असे ठरले, तेव्हा त्यांनी विचारले की ज्याचे घर जळत आहे आणि ज्याने ते जाळले, त्या दोघांना एका ओळीत उभे करणे हा कसला न्याय? हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचे उत्तर गांधारीजवळ आहे. दोन्हीकडच्या मृतांसाठी रडणे म्हणजे दोन्हीकडचा न्याय सारखा मानणे नव्हे. पुत्राचा अन्याय तिने अन्यायच म्हटला, आणि तरीही पुत्रासाठी ती रडली. आक्रमकाला आक्रमक म्हणावे, आपले घर राखावे, राखणाऱ्या शिपायास मान द्यावा. हे सारे न्यायालयात, सभेत, रणात करावे. देवतेच्या गाभाऱ्यात मात्र कोणाच्याही मुलाचे मरण मागू नये.

हे ज्यांना परके वाटते, त्यांना आम्ही कवळ्याची वाट दाखवितो. शिव आणि विष्णू यांचे युद्ध जुंपले तेव्हा आदिमाया मध्ये उभी राहिली. दोघांनाही तिने दोन हातांनी धरले आणि शांत केले, अशी आमच्या शांतादुर्गेची कथा आहे. तिने कोणाचा पक्ष घेतला नाही, म्हणून तिच्या नावात शांती आली. जिची मूळ जागा युद्धाच्या आणि धर्मवेडाच्या वणव्यात गेली, तिच्यापुढे उभे राहून आम्ही कोणाच्या तरी गावाची राख मागावी, यापरता तिचा दुसरा उपमर्द नाही.

तेव्हा देवस्थानांच्या महाजनांना आणि पुरोहितांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. पुन्हा युद्धाची वार्ता आली तर गाऱ्हाणे अवश्य घालावे, संकल्प अवश्य सोडावा. परंतु त्यात आपल्या सैनिकांच्या रक्षणाबरोबर युद्धाचा अंत मागावा आणि पलीकडच्या मृतांचाही उल्लेख करावा. शेजारच्या इगर्जीतून तेर्साचा स्वर कानी आला तर हसू नये. तेथे कोणी विजय मागत असेल, तर त्याच्यावरची टीका आधी आपल्या देवळात करून मग त्याच्या दारी न्यावी. आणि कोणी शांती मागत असेल, तर तो आमच्याच देवीकडे दुसऱ्या नावाने गाऱ्हाणे घालीत आहे, असे समजून आपले मस्तक लववावे.