द्वारपालाचे हृदय : एक थ्रेड

१/ मार्च १९७३. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या सेंट जोसेफ ऑरेटरीतून चोरांनी एका संतपुरुषाचे जतन केलेले हृदय पळवले आणि ५०,००० डॉलरची खंडणी मागितली. हे हृदय होते एका शाळेच्या द्वारपालाचे.

२/ आल्फ्रेड बेसेट यांचा जन्म १८४५ साली क्विबेकमध्ये झाला. बाराव्या वर्षी ते पोरके झाले, शिक्षण नाममात्रच. तरुणपणी ते न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत राबले. १८७० मध्ये होली क्रॉस संघात येऊन ते ‘ब्रदर आंद्रे’ झाले. प्रकृती तोळामासा, म्हणून वाट्याला आले ते नोत्र दाम विद्यालयाचे दार. ते त्यांनी सुमारे ४० वर्षे सांभाळले.

३/ दारावर रुग्णांची रीघ लागली. कोणाला बरे वाटले, तर श्रेय संत जोसेफचे. स्वतःला ‘रोग बरे करणारा’ म्हटलेले त्यांना खपत नसे. १९०४ मध्ये माउंट रॉयलच्या उतारावर जोसेफसाठी चिमुकले लाकडी प्रार्थनामंदिर उभे राहिले.

४/ आज त्याच्या शेजारी प्रचंड घुमटाची बॅसिलिका आहे. एवढ्या विनम्र माणसामागे एवढे वैभव, हा विरोधाभास नव्हे का? आक्षेप सोपा आहे, पण अपुरा. वास्तू जोसेफच्या नावाची आहे. खरा प्रश्न हृदयाचा आहे.

५/ हृदय देहापासून वेगळे काढून जतन करणे हा फ्रान्समध्ये राजांचा मान होता. जानेवारी १९३७ मध्ये ब्रदर आंद्रे निवर्तले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत सुमारे १० लाख लोक अंत्यदर्शनाला आले. राजाचा मान द्वारपालाला मिळाला. गिरण्यांत राबलेल्या फ्रेंच-कॅनेडियन समाजाने त्यांच्यात स्वतःलाच पाहिले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

६/ मात्र श्रद्धेची वस्तू झाली की तिला किंमतही चिकटते. चोरांनी नेमके हेच ओळखले. डिसेंबर १९७४ मध्ये ते हृदय एका इमारतीच्या तळघरातील लॉकरमध्ये सापडले आणि ऑरेटरीत परतले.

७/ २०१० मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केले. चमत्कार खरे की खोटे, याचा निवाडा हृदय करू शकत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापेक्षा ऑरेटरीत टांगलेल्या कुबड्यांपाशी अधिक वेळ थांबावे. त्या मागे ठेवून गेलेली माणसे कोण होती, आणि दवाखान्याऐवजी एका द्वारपालाकडे का आली? अवशेष संताविषयी थोडेच सांगतात. ते जपणाऱ्यांविषयी पुष्कळ सांगतात.