आधी आपली नाली, मग ढाका

बांगलादेशात निवडणुका मुक्त, निःपक्ष आणि सर्वसमावेशक व्हाव्यात, असं दिल्ली २०२५मध्ये पुन्हापुन्हा सांगत होती. बरोबरच आहे. पण त्याच वर्षी अमरावती आणि अकोला महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता! मार्च २०२२मध्ये मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. कारणं खरी होती, पण घाईत कुणी आमदार दिसला नाही. (नगरसेवक नसला की भूमिपूजनाच्या फलकावर गर्दी कमी.) मे २०२५मध्ये सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांची मुदत घातली, तरी मतदान उजाडलं १५ जानेवारी २०२६ला. फेब्रुवारी २०१७नंतर पहिल्यांदाच. २०१७च्या मार्चात अठरा पूर्ण केलेल्या पोरानं नगरसेवकासाठी पहिलं बटण दाबलं ते सव्वीस वर्षांचा होऊन. तोवर नाली तुंबली की त्यानं जायचं कुठं? ढाक्याला?