खडखड शोधण्याचीही मजुरी असते

गाडीचा एखादा पार्ट बदलला तर तीन हजार रुपये आपण निमूटपणे मोजतो. पण मेकॅनिकने दोन तास डॅशबोर्डला कान लावून आवाज शोधला, दोन इंचांची फेल्टची पट्टी चिकटवून तो बंद केला आणि पाचशे रुपये मागितले, की आपणच म्हणतो, "अरे, केलेस काय? नुसती पट्टी तर लावलीस!" शिरोडा, वेंगुर्ले, सावंतवाडी, बांदा, कुठल्याही गॅरेजवर हा संवाद कानी पडतो. बोलणारा बहुधा आपल्यासारखाच दुकानदार असतो. स्वतःच्या दुकानात मात्र "साहेब, कापडाची पारख पण काहीतरी असते ना!" असे तोच गिऱ्हाइकाला ऐकवीत असतो.

हकीम नाडी पाहण्याचा मेहनताना घेतो, औषधाचा वेगळा. उर्दूत या रोग ओळखण्याला 'तशखीस' म्हणतात. गाडीच्या बाबतीत ही तशखीस आपण फुकट समजतो, आणि त्याचे परिणाम कारागीर व गिऱ्हाईक दोघेही भोगत आहेत. शोधण्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून मेकॅनिक शोधतच नाही. एक तर तो "गाडी जुनी झाली, आवाज येणारच" म्हणून वाटेला लावतो, नाही तर पैसे पार्टमधूनच निघतात म्हणून चांगला पार्ट बदलतो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील वर्कशॉपने माझ्या गाडीच्या डॅशबोर्डचा मधला पूर्ण भाग बदलून बिल हातात ठेवले. आवाज होता तसाच राहिला. पुढे इकडच्या एका मुलाने बॉनेट उघडून, काचेखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीची तुटलेली क्लिप दाखवली. क्लिपची किंमत किती, हे वाचकांना सांगायला नको.

जुन्या गाड्यांत हा प्रश्न एवढा नव्हता. पद्मिनी आणि अँबेसेडरचा डॅशबोर्ड मुख्यतः पत्र्याचा, आणि इंजिनाचाच आवाज असा की बाकीचे काही ऐकू येत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिच्यामागून प्लॅस्टिक आले. २०१४ साली ८०० आणि अँबेसेडर दोन्ही बनायच्या बंद झाल्या, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आज आपण ज्या गाड्या चालवतो त्यांचा डॅशबोर्ड म्हणजे प्लॅस्टिकचे कितीतरी तुकडे एकमेकांत क्लिपांनी अडकवून उभे केलेले घर आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनही गप्प. तिथे चष्म्याची डबी हलली तरी मालकाच्या डोक्याला ताप. म्हणजे हे काम पुढे कमी होणार नाही, वाढणारच आहे.

आवाज दोन जातींचे असतात आणि त्यांचा इलाज वेगळा आहे. खडखड किंवा टकटक होते ती दोन वस्तूंमध्ये फट राहून त्या एकमेकींवर आपटतात म्हणून. करकर होते ती दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात म्हणून. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरते ते याच कारणाने. खडखडीला घट्ट बसवणे लागते, करकरीला मध्ये काहीतरी मऊ लागते. हे न ओळखता स्क्रू आवळत बसले तर करकर उलट वाढते.

त्यात आपला किनारा. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंत तापतो. तीस अंशांवरून सत्तर अंशांवर गेल्यास दीड मीटरचा पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा चार ते सहा मिलिमीटर वाढतो. तेवढाच पोलादी तुकडा एक मिलिमीटरही वाढत नाही. प्लॅस्टिक ताणले जाते, मागचा सांगाडा जागेवरच राहतो, आणि क्लिपा ढिल्या होतात. शिवाय शिरोडा हे मिठागरांचे गाव. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला तो याच मिठासाठी. ती खारी हवा क्लिपांच्या लोखंडी स्प्रिंगा खाते. राहिलेले काम चिऱ्याची तांबडी धूळ करते; ती सांध्यात जाऊन बसली की खरकागदासारखी घासते. पुण्याच्या गाडीला पाच वर्षांनी येणारा आवाज आपल्याकडे लवकर येतो, त्याचे नवल नको.

शोधायचे कसे? आधी गाडी रिकामी करा. ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रे, नाणी, चष्मा, मोबाईलचे स्टँड, आरशाला टांगलेले शोभेचे काही असेल ते, मागचा जॅक आणि स्टेपनी, सगळे काढा किंवा घट्ट करा. पुष्कळ गाड्यांचा आजार इथेच बरा होतो. मग एकाने गाडी खराब रस्त्यावर वीसच्या वेगाने चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून तळहाताने एकेक भाग दाबत जायचे. एकट्याने हे होत नाही. चालवणाऱ्याचा कान फसतो. ज्या जागी दाबल्यावर आवाज थांबला तिथल्या सांध्यात जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवून पुन्हा फेरी मारा. आवाज गेला तर जागा सापडली. सकाळी थंड गाडीत आणि दुपारी तापलेल्या गाडीत अशा दोन फेऱ्या हव्यात, कारण तापमानाबरोबर आवाज जागा बदलतो. आणि एवढे करून काहीच सापडले नाही तर खाली वाकून पाहा. स्टॅबिलायझरची लिंक किंवा सस्पेन्शनचा वरचा माउंट खिळखिळा झाला की तो आवाज गाडीच्या पत्र्यातून चढतो आणि डॅशबोर्डातून येतोय असे वाटते. हा दोष आवाजापुरता नाही, सुरक्षिततेचा आहे.

आता मध्ये काय घालायचे. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर. फेल्टला उर्दूत नमदा म्हणतात. हे विणलेले कापड नव्हे, तंतू दाबून एकजीव केलेले असते. त्यामुळे त्याला उभा-आडवा धागा नाही, कडा उसवत नाहीत, आणि घासले तरी ते आवाज करत नाही. हार्मोनियमवाले स्वरांच्या झडपांखाली ते फार पूर्वीपासून घालतात. परंतु अस्सल लोकरीचा नमदा आपल्या हवेत गाडीत घालू नये. तो ओल पितो, कसर लागते. सुती चिंध्या तर त्याहून वाईट. पावसाळ्यात बुरशी आणि लगतच्या पत्र्याला गंज. पॉलिएस्टरचे फेल्ट घ्यावे, ते पाणी जवळपास धरत नाही. गाडीच्या कंपन्याही वायरिंगच्या जुडग्यांभोवती पॉलिएस्टर फ्लीसचीच चिकटपट्टी गुंडाळतात. जाडी एक मिलिमीटर किंवा कमी. "जाड लावले तर जास्त टिकेल" हा हिशेब इथे चालत नाही. जाड पट्टी एक कोपरा उचलते आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवी खडखड सुरू होते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप वापरू नये. उन्हात तिचा गोंद वितळतो आणि ती स्वतःच करकरते. खोबरेल, इंजिन ऑइल, रॉकेल हेही नको. त्यावर धूळ बसते आणि काही प्लॅस्टिकला तेलाने तडे जातात. रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस चालते, पण स्विच आणि रिलेपासून लांब.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. नव्या गाडीच्या डॅशबोर्डात एअरबॅग आहे. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. तिच्या झाकणावर किंवा कडेच्या फटीत काहीही चिकटवू वा कोंबू नये. उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे आणि पिवळ्या कनेक्टरांना माहितीशिवाय हात लावू नये. ज्याला हे येत नाही त्याने "नाही येत" म्हणावे. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर उघडूच नये. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर तक्रार लिहून घ्यावी, तोंडी सांगून परत येऊ नये.

मजुरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शोधण्याचा दर तासावर असावा, तो भिंतीवर लिहिलेला असावा आणि काम सुरू होण्याआधी गिऱ्हाइकाला सांगितलेला असावा. आवाज सापडला नाही तर अर्धे पैसे. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. यात कारागिराची लाज नाही आणि गिऱ्हाइकाची फसवणूक नाही. काही मेकॅनिक बांधव म्हणतील की असा दर लावला तर गिऱ्हाईक पळेल. काही पळतील. पण मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यापासून टॅक्सीवाल्यांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. मागे बसलेला प्रवासी खडखड ऐकून तोंड वाकडे करतो, ते टॅक्सीवाल्याला परवडत नाही. तो पैसे देईल. आपण व्यापाऱ्यांनी तर द्यायलाच हवेत, कारण आज आपण ज्या मुलाशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो तो उद्या पणजीला किंवा आखातात जातो, आणि मग आपण म्हणतो की गावात चांगला हात राहिला नाही.

हे काम फक्त मेकॅनिकचेच आहे असेही नाही. सीट आणि हूड शिवणारे जे कारागीर आहेत, त्यांचे हात याला अधिक योग्य आहेत. फेल्ट कापणे, कडेला बारीक लावणे, क्लिप न मोडता पॅनल सोडवणे हे त्यांना पटकन जमते. रेक्झिन सीट कव्हर आता तयार मिळतात म्हणून त्यांचा धंदा बसला आहे. एखाद्या गॅरेजशेजारी त्यांनी बसावे, मेकॅनिकने खालचे पाहावे, यांनी आतले. पातळ पॉलिएस्टर फेल्ट घाऊक बाजारात ताग्यावर मिळते. किरकोळीत घेतले तर महाग पडते, म्हणून दोघा-चौघांनी मिळून एक तागा आणावा आणि वीस मिलिमीटरच्या पट्ट्या कापून वाटून घ्याव्यात. एका गाडीला हातभरापेक्षा जास्त क्वचितच लागते.